‘दीक्षारंभ’ : स्वागताची भाषा आणि नवा विद्यार्थी

समीक्षेने कथा-कवितांकडे पाहावे, फार तर नाटकाकडे पाहावे, अर्ज, माहितीपत्रके आणि स्वागताची भाषणे यांच्याकडे मात्र वळू नये, असा एक अलिखित दंडक प्रस्थापित समीक्षेने घालून दिलेला आहे. तो मानण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. दलित माणसाच्या आयुष्यात कवितेपेक्षा अर्जाने अधिक उलथापालथ केलेली आहे. जातीचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज, फीमाफीचा कागद, प्रवेशयादीतला क्रमांक हे त्याच्या वाट्याला आलेले पहिले गद्य. या गद्याची शैली असते, त्याचा एक गृहीत वाचक असतो, त्याचे एक मौनही असते. म्हणून या लेखात विचारासाठी घेतलेली संहिता साहित्याच्या इतिहासात सापडणार नाही. ती आहे महाविद्यालयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात ऐकवली जाणारी संहिता. तिला अलीकडे एक नाव मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली एक मार्गदर्शिका काढली आणि नवागतांच्या या कार्यक्रमाला ‘दीक्षारंभ’ असे म्हटले.

मार्गदर्शिकेचा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. नव्या वातावरणात विद्यार्थ्याला परके वाटू नये, त्याची इतरांशी व शिक्षकांशी जवळीक व्हावी, त्याने स्वतःचा शोध घ्यावा, अशी उद्दिष्टे तीत आहेत. खेळ आहेत, कला आहेत, मानवी मूल्यांवरील चर्चा आहे, गावातील स्थळांना भेटी आहेत. पण त्याच यादीत एक वाक्य असे आहे की संस्थेची संस्कृती विद्यार्थ्यात रुजवावी. येथे थांबले पाहिजे. रुजवायचे म्हटले की बी एकाच्या हातात असते आणि दुसरा फक्त जमीन असतो. येणारा मुलगा किंवा मुलगी स्वतःबरोबर काही घेऊन येते, एखादी भाषा, एखादे गाणे, एखाद्या चळवळीची आठवण, श्रमाचे ज्ञान, हे या वाक्याला ठाऊक नाही.

आणि शब्द तर पाहा! दीक्षा. गुरूने द्यावी आणि शिष्याने घ्यावी ती दीक्षा. परंपरेत उपनयनाचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता हे सांगत बसण्याची आवश्यकता नाही. आमच्याही इतिहासात एक दीक्षा आहे, १४ ऑक्टोबर १९५६ची, नागपूरची. परंतु त्या दीक्षेचे स्वरूप संपूर्ण वेगळे होते. ती प्रौढ माणसांनी विचारपूर्वक घेतली, आणि तिच्यातल्या बावीस प्रतिज्ञांचा मोठा भाग काय नाकारायचे याविषयी होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना संस्थेत रुजवले नाही, एका संस्थेतून बाहेर काढले. महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने दीक्षा मागितलेली नसते. त्याने प्रवेश मागितलेला असतो.

प्रवेश या शब्दाला नाशकात स्वतंत्र इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारापाशी जो सत्याग्रह सुरू झाला त्याचा मूळ शब्द हाच. बाबासाहेबांच्या प्रेरणेने व दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाने तो पुढे पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात, याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सत्याग्रहाचा धडा असा की दारातून आत जाणे आणि आतल्या माणसाने आपणांस माणूस म्हणून स्वीकारणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आणि दुसरी मिळणार नसेल तर पहिलीचे मोल किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. मंदिराचे दार नाकारता येते, महाविद्यालयाचे नाकारता येत नाही. तेथील प्रश्न म्हणूनच अधिक बिकट आहे.

पंचवटीतून नदी ओलांडून आले की पलीकडे गंगापूर रोड लागतो. अशोकस्तंभाकडून निघून गोदावरीच्या कडेकडेने, आनंदवल्ली, सोमेश्वर करीत हा रस्ता गंगापूर धरणाकडे जातो. वाटेत जलालपूर आहे, लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचा जो अतिरेक सांगितला आहे तो ज्यांनी वाचला असेल त्यांना हेही उमजेल की या रस्त्यावर शिवाशिवीचे शिक्षण शाळा-कॉलेजांच्या कितीतरी आधीपासून दिले जात होते. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिक्षणसंस्था आहेत. त्यांतली जुनी गोष्ट म्हणजे उदोजी मराठा बोर्डिंग. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो सत्यशोधक विचाराच्या माणसांकडून, आणि त्याच्या मुळाशी वसतिगृहाची कल्पना होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून वसतिगृहे काढण्याचा जो क्रम सुरू केला, ज्यात १९०८चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृहही येते, त्या कल्पनेचाच हा नाशिककडील विस्तार. या लोकांनी खेड्यातून येणाऱ्या मुलाचे स्वागत कसे केले? भाकरी दिली, अंथरायला जागा दिली, दिव्याखाली बसू दिले. भाषण केले असेल तर ते नंतर. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा पहिला पाठ स्वयंपाकघरातून निघाला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अर्थात वसतिगृहे जातवार निघाली आणि त्यांच्या मर्यादाही जातवार राहिल्या, हेही विसरता कामा नये.

त्याच रस्त्यावरील एका महाविद्यालयाच्या स्वागत समारंभात श्रोता म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. सरस्वतीच्या तसबिरीला हार होता. सावित्रीबाईंची तसबीर होती, पण ती कोपऱ्यातल्या टेबलावर. शिक्षणाची देवता आणि १८४८ साली मुलींची शाळा चालवणारी शिक्षिका यांच्यात मान कोणाला, हा निर्णय कोणी बैठक घेऊन केला नसेल. टेबल लावणाऱ्या शिपायानेही तो केला नसेल. तो फार पूर्वीच होऊन गेलेला असतो. नंतर संस्थेची उज्ज्वल परंपरा, मूल्यांकन समितीने दिलेली श्रेणी, नामवंत कंपन्यांच्या नोकऱ्या, शिस्त, पंचाहत्तर टक्के हजेरी. सभागृहात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी या तालुक्यांतून आलेली कोकणा, वारली, महादेव कोळी मुले होती, भीमनगरातल्या मुली होत्या. दीड तासाच्या भाषणांत शिष्यवृत्ती हा शब्द एकदा आला, तोही सूचना म्हणून: सवलतवाल्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. थांबायचे कसे? सगळे उठून जात असताना आपण बसून राहायचे. जातीची नोंद कागदावर असते तोवर ती गुप्त असते, या एका वाक्याने ती खुर्च्यांच्या रांगांतून दिसू लागली.

यापेक्षाही कठीण प्रसंग वर्गात येतो. ‘आपापला परिचय करून द्या.’ हे चार शब्द सर्वांना सारखेच निरुपद्रवी वाटतात, असे समजणाऱ्या शिक्षकाने आपल्या समाजाकडे कधी पाहिलेले नसते. नाव, आडनाव, गाव, कोणत्या शाळेतून आलास, किती टक्के. आडनावावर सगळा वर्ग क्षणभर थबकतो. काही आडनावे कळतात, काही कळत नाहीत, मग गाव विचारले जाते, मग गावात घर कोठे ते. बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली प्रसिद्ध केले. बागूल याच मातीतले, नाशिकजवळच्या विहितगावचे. भाड्याच्या खोलीसाठी जात झाकावी लागते आणि झाकलेली जात माणसाला आतून जाळत राहते, हे त्यांनी मराठी कथेला प्रथम इतक्या दाहकतेने दाखवले. आज साठ वर्षांनंतर वर्गातला परिचय त्याच कथेचा पुढचा भाग लिहितो आहे. आडनाव गाळून फक्त वडिलांचे नाव सांगणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ती खोटे बोलत नाहीत. ती खोली भाड्याने घेत असतात.

आता थोडे दूर जाऊ. नवागताला संस्थेत कसे घ्यायचे याचा जगात सर्वांत पद्धतशीर विचार ज्यांनी केला त्यांत जेझुइटांचा क्रमांक वरचा लागेल. इग्नेशियस लोयोलाचा हा संघ १५४० साली स्थापन झाला, १५४८मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांचे पहिले महाविद्यालय निघाले, आणि १५९९ साली त्यांनी शिक्षणक्रमाची एक नियमावली सिद्ध केली. तीत वर्गातली बसण्याची व्यवस्था, पाठांतर, प्रतिस्पर्धी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावण्यापर्यंत सारे ठरवलेले आहे. संघात येणाऱ्या उमेदवाराला एकांतात ठेवून करायची साधना, दिवसातून दोनदा स्वतःच्या वागण्याची झडती, मार्गदर्शकापुढे मन मोकळे करणे, हा सगळा क्रम त्यांनी बांधला. जगभरची जेझुइट विद्यापीठे आपल्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसांत जे सांगतात, की आम्ही तुझ्या संपूर्ण व्यक्तित्वाची काळजी घेतो आणि तू इतरांसाठी जगणारा माणूस व्हावास, त्याचे मूळ या साधनेत आहे. आपल्याकडे जर्मन जेझुइटांनी १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स काढले. नगर जिल्ह्यातील खेड्यांत त्यांनी ज्यांच्यात काम केले ते बहुतांशी आमचेच लोक होते. म्हणून या परंपरेकडे परकी म्हणून पाहता येत नाही. ‘दीक्षारंभ’मधील स्वतःचा शोध, मार्गदर्शक शिक्षक, एकेका विद्यार्थ्याची आस्था हे शब्दही तिच्या फार जवळचे आहेत.

ही भाषा सुंदर आहे. म्हणूनच तिची तपासणी करायची. संपूर्ण माणसाची काळजी घेणाऱ्या या संघाने १५९३ साली नियम केला की ज्यांच्या पूर्वजांत ज्यू अथवा मुसलमान रक्त आहे त्यांना संघात घेऊ नये. पुढे तो काहीसा सैल झाला, पण पूर्णपणे गेला तो १९४६ साली. साडेतीनशे वर्षे! रक्तशुद्धीची अट आणि आत्म्याची काळजी एकाच नियमपुस्तकात नांदत होत्या. या देशात त्यांनी काय केले? १६०६ साली मदुराईस आलेल्या रॉबर्तो दे नोबिली या इटालियन जेझुइटाने ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतला, शाकाहार स्वीकारला, तमिळ व संस्कृत आत्मसात केले. भाषेविषयीचा त्याचा आदर खरा होता. पण उच्चवर्णीयांना ख्रिस्ताकडे आणण्यासाठी त्याने त्यांचे जानवे आणि शेंडी राहू दिली, १६२३मध्ये रोमनेही त्यास मान्यता दिली, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींसाठी वेगळ्या प्रकारचे धर्मगुरू नेमण्याची प्रथा त्या मिशनमध्ये पडली. ज्याच्यापुढे उभे राहायचे त्याच्या जातीप्रमाणे गुरूचा वेष बदलला. पुण्यात नगर रस्त्यावर, ज्ञानदीप विद्यापीठाच्या परिसरात, जेझुइट विद्यार्थ्यांचे जे निवास आहे त्याचे नाव दे नोबिली कॉलेज. नगरकडच्या महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या घरातला मुलगा त्या पाटीखालून आत जात असेल तेव्हा त्याला या नावाचा कोणता अर्थ सांगितला जात असेल? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या मुलाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले आहे. देशाच्या कायद्यात तो दलित नाही, गावात तो दलितच आहे. आणि २००५च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खाजगी शिक्षणसंस्थांत राखीव जागांची तरतूद करताना अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या आहेत. तेव्हा अशा संस्थेत त्याला मिळणारी जागा ही कृपा असते. अधिकार नसतो. कृपेने आत आलेल्याला आभार मानावे लागतात, आणि आभार मानणारा मनुष्य प्रश्न विचारायला कचरतो.

मराठीच्या अभ्यासकांना याच परंपरेतला आणखी एक दाखला ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. मराठी भाषेचे त्याने केलेले कौतुक पाठ्यपुस्तकांत आले, त्याच्या ओवीचे सौंदर्य वाखाणले गेले. पण त्या ग्रंथाचा प्रसंग कोणता? नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकण्यास काहीतरी हवे आहे, आणि पाद्री ते देतो. नवागतांसाठी लिहिलेले, मराठीतले बहुधा पहिले छापील पुस्तक हे. श्रोता मधूनमधून प्रश्न करतो. पाद्रीकडे उत्तर आधीपासून तयार असते. गोव्यात माणसे ख्रिस्ती झाली आणि त्यांच्याबरोबर बामण, चारडो, सुदिर हे भेदही देवळात गेले. त्या भेदांविषयी प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला या पुराणात जागा मिळाली नाही. स्टीफन्सच्या भाषाप्रेमावर मराठी समीक्षेने एवढे लिहिले, या मौनाकडे तिचे लक्ष गेले नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

तथापि या संघाच्या पदरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि आमच्या विवेचनात तिला मोठे महत्त्व आहे. १९७३ साली संघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे युरोपातल्या जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. संपन्न घरांतली, मोठ्या पदांवरची ती माणसे. आम्ही तुम्हांला न्यायासाठी शिकवले का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही, असे उत्तरही दिले. काही श्रोते संतापले. आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा न गाता तिचा पराभव माजी विद्यार्थ्यांसमोर मांडणारा संस्थाप्रमुख आपल्याकडे दाखवता येईल काय?

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. जॉर्जटाउन हे तेथले सर्वांत जुने जेझुइट विद्यापीठ, १७८९चे. मेरिलँडच्या जेझुइटांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम, पुरुष, बायका, मुले, १,१५,००० डॉलरला लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले, आणि त्या पैशातला काही भाग विद्यापीठाचे कर्ज फेडण्यात गेला. विक्री घडवून आणणाऱ्या थॉमस मलेडीचे नाव एका इमारतीला होते. २०१५ साली विद्यार्थी धरणे धरून बसले तेव्हा ते काढले गेले. २०१७मध्ये त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स हे नाव मिळाले. विक्रीच्या कागदावर पहिले नाव याच माणसाचे आहे. विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना प्रवेशात विशेष विचार देण्याचे २०१६ साली जाहीर झाले. २०१९मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून ठरवले की दर सत्राला प्रत्येकाने २७ डॉलर २० सेंट त्या वंशजांसाठी द्यावेत. आकडा पाहा: २७२ची आठवण फीच्या पावतीवर यावी अशी ती योजना. विद्यापीठाने ती तशीच्या तशी स्वीकारली नाही, देणग्यांतून निधी उभारण्याचा मार्ग काढला. येथेही अधिकाराची पुन्हा कृपा झाली! पण इमारतीवरचे नाव राहिले. तेथे राहणाऱ्या मुलाच्या पत्त्यातच विकल्या गेलेल्या माणसाचे नाव आले. आम्हांस ही पाटी शंभर स्वागतभाषणांपेक्षा बोलकी वाटते.

नाशिकला ही कथा अगदीच दूरची नाही. गंगापूर रोडपासून जवळच शरणपूर आहे. तेथे चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनने, १८५४च्या सुमारास ख्रिस्ती वसाहत केली, आणि अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुले तेथे आणून शिकवली. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशकात शिकलेला तरुण होता. शरणपूर हे गावाचे नावच काय सांगते? येथे आला तो शरण आलेला. नवागताची भूमिका पाटीवर लिहून ठेवलेली. आज शरणपूर रोडने जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना या मुलांची गोष्ट पहिल्या आठवड्यातल्या स्थळभेटीत दाखवली जाते? मार्गदर्शिकेत स्थळभेटी तर आहेत.

जेझुइटांच्या प्रश्नोत्तरीपुढे आमच्याजवळ काही आहे की नाही? आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय काढले. बाबासाहेबांनी त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, प्रश्न विचारणारा. संस्थेला नाव देताना उत्तर देणाऱ्या भिक्खूऐवजी प्रश्न करणाऱ्याला मान दिला गेला, यातले धोरण उघड आहे. पण ‘मिलिंदपञ्ह’ उघडून पाहिला तर त्याहून नवल वाटते. राजाचा पहिला प्रश्न परिचयाचाच आहे: आपले नाव काय? नागसेन नाव सांगतो आणि लगेच म्हणतो की हे केवळ संबोधन आहे, या नावामागे कायमचा असा कोणी नाही. मग रथाचा तो प्रसिद्ध दाखला येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. वर्गातल्या परिचयाला दिलेले याहून समर्पक उत्तर आमच्या पाहण्यात नाही. आडनाव म्हणजे माणूस नव्हे, गाव म्हणजे माणूस नव्हे, टक्के म्हणजे माणूस नव्हे. पुढे नागसेन वादाची अट घालतो: पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलतो, राजांप्रमाणे बोलणार असाल तर नाही. पंडित वादात हरला तर रागावत नाही. राजा मात्र न पटणाऱ्याला शिक्षा करतो. मिलिंद पंडितांप्रमाणे बोलण्याचे कबूल करतो. शिक्षकाने पहिल्या तासाला विद्यार्थ्यांपुढे अशी अट स्वीकारली तर तो तास कसा होईल याची कल्पना करून पाहावी. नागसेनवनातही पुढे पुढे काय झाले, संस्थेच्या राजकारणाने किती पोखरले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. नाव चांगले म्हणून संस्था चांगली राहतेच असे नाही.

प्रत्यक्षात पहिला दिवस कसा असतो याची साक्ष स्वागतभाषणात सापडत नाही. ती आमच्या आत्मकथनांत आहे. प्र. ई. सोनकांबळे ‘आठवणींचे पक्षी’त (१९७९) शिक्षणाच्या एकेका पायरीसाठी भूक सांगतात, आणि त्यांची वाट मिलिंदपर्यंत येते. ‘अक्करमाशी’त (१९८४) शरणकुमार लिंबाळे यांच्यापुढे शाळेच्या नोंदीतच बापाचे नाव काय लावायचे हा प्रश्न उभा राहतो, ज्या रकान्यावरून इतर मुले सहज पुढे जातात तेथे एक मूल अडून बसते. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) आईचे नाव मधोमध घेऊन वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास लिहिला. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यांनी प्रवेश मागितला तो संस्कृतात. ज्या भाषेतून ‘दीक्षा’ हा शब्द येतो त्या भाषेच्या वर्गात एक दलित मुलगी जाऊन बसते, शाळेतले गुरुजी तिला मनापासून शिकवतात आणि वरच्या वर्गात मात्र विद्वत्ताच आडवी येते. गुरुजी जुन्या वळणाचे आणि विद्यापीठातले विद्वान आधुनिक, ही त्या आत्मकथनातली विसंगती आमच्या पुरोगामित्वाला विचार करावयास लावणारी आहे. या पुस्तकांना समीक्षेने व्यथेचे दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवले. ती स्वागताच्या संहितेवरची भाष्ये आहेत, त्यांच्यातली प्रत्येक नोंद संस्थेच्या कोणत्या ना कोणत्या वाक्याला दिलेले उत्तर आहे, असे वाचले तर त्यांची धार निराळीच भासते.

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न असता तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. हैदराबादेत रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ला गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी, आपल्या खानदेशातली तडवी भिल्ल मुलगी, २२ मे २०१९ला गेली. पवई येथील आयआयटीत दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ला गेला, तो पहिल्याच वर्षाला होता. दर्शनच्या मृत्यूच्या कारणांविषयी वाद झाले, संस्थेच्या समितीला जातिभेदाचा पुरावा मिळाला नाही, त्याचे कुटुंबीय वेगळे सांगत राहिले. पण त्याच वर्षी जुलैमध्ये त्या संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना दिली की एकमेकांना प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारू नये, जात कळेल असे काही विचारू नये. सूचना योग्यच होती. मात्र तिचा अर्थ असाही होतो की तोवर हे विचारले जात होते आणि विचारण्यामागचा हेतू सर्वांना समजत होता. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच वसतिगृहांतील आणि वर्गांतील दुरावा नोंदवला होता, आणि थोरात हे स्वतः मिलिंदचे विद्यार्थी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२मध्ये समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांचे नियम केले. म्हणजे २०१९ची ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिका लिहिली गेली तेव्हा हे सर्व कागद आयोगाच्याच कपाटात होते. एका कपाटातले दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत, हा आमच्या प्रशासकीय गद्याचा मोठाच गुण आहे.

गंगापूर रोडच्या टोकाला, धरणाजवळ गोवर्धन येथे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू. परिसराचे नाव ज्ञानगंगोत्री, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगेच्या रूपकावर आक्षेप घेता येतो, आणि आम्ही घेतोच. ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ओंजळीत घेतले त्यांना पाणी घरोघरी येण्याचे आश्वासन सावधपणे ऐकावे लागते. पण या विद्यापीठाने एक गोष्ट केली. दहावी-बारावीची पाटी नसलेल्या, अठरा वर्षे ओलांडलेल्या माणसासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला आणि त्यातून पदवीकडे जाण्याची वाट ठेवली. रंगकाम करणारा, अंगणवाडीत काम करणारी, शाळा अर्ध्यावर सुटलेली अशी कितीतरी माणसे त्या वाटेने गेली. त्यांना पहिला दिवस नव्हताच. सभागृह नव्हते, गुलाबाचे फूल नव्हते, आडनाव ऐकून थबकणारा वर्ग नव्हता. त्यांच्या हाती पुस्तकांचा गठ्ठा आला, आणि पुस्तक हाच शिक्षक असे गृहीत धरून लिहिलेली ती पुस्तके वाचकाशी थेट बोलत होती. भेदभाव करणारा सहाध्यायी नाही, तसा खांद्यावर हात ठेवणाराही नाही. बाबासाहेबांनी बोर्डिंग, कॉलेज, वाचनालय यांचा आग्रह धरला तो माणसे एकत्र यावीत म्हणून. दूरशिक्षणाने अपमान टाळला, सोबतही टाळली. या विद्यापीठात शिकलेल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी आपले अनुभव लिहिले तर आत्मकथनाच्या परंपरेत एक अगदी निराळा अध्याय जमा होईल. कारण वर्ग नसलेल्या वर्गातली जात कशी दिसते हे अजून कोणी लिहिलेले नाही.

तूर्त गंगापूर रोडवरील, कॉलेज रोडवरील आणि नाशिकच्या सर्वच महाविद्यालयांना सुचवता येईल असे एक अगदी साधे काम आहे. पहिल्या दिवसाची जी छापील कार्यक्रमपत्रिका निघते तिच्यात स्वागतगीत, दीपप्रज्वलन आणि अध्यक्षीय भाषण यांच्या खाली चार ओळी छापाव्यात: समान संधी कक्षाचा अधिकारी कोण, तो कोणत्या खोलीत किती वाजता बसतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो, आणि तक्रार लेखी घेतली की तिची पोच किती दिवसांत मिळते. परिचयाच्या तासाला आडनाव विचारायचे की नाही, हे शिक्षकांनी त्या आधीच्या बैठकीत ठरवावे.